चूक वैमानिकाची, घाई कोणाची?

विमान अपघाताची बातमी आली की दोनचार दिवसांत एक शब्दप्रयोग हमखास वाचायला मिळतो. तो म्हणजे ‘वैमानिकाची चूक’. कधी त्याला ‘मानवी चूक’ असे जरा सौम्य नाव दिले जाते. हा शब्द छापून आला की वाचकाला अपघाताचे कारण कळल्याचे समाधान मिळते आणि तो पुढच्या बातमीकडे वळतो. उत्तरपत्रिका तपासताना आपण समासात ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारतो आणि पुढची उत्तरपत्रिका ओढतो, तसेच हे आहे. दोन्ही ठिकाणी ‘कोण चुकले’ याचे उत्तर मिळते. ‘का चुकले’ हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहतो.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी ‘चूक’ हा शब्द कारण म्हणून स्वीकारता कामा नये. चूक ही घटना आहे, आणि प्रत्येक घटनेप्रमाणे तिलाही कारणे असतात. त्यांपैकी एका कारणाचा येथे विचार करायचा आहे. ते कारण म्हणजे वेळेचा दाब, आपल्या रोजच्या भाषेत घाई. त्यासाठी एक प्रत्यक्ष चौकशी अहवाल तपासून पाहू. हा अहवाल बराचसा प्रामाणिक आहे. त्याने गोळा केलेली माहिती मोलाची आहे. पण त्या माहितीवरून काढलेला मुख्य निष्कर्ष माहितीपेक्षा तोकडा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे पाहू.

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०

कोरोनाच्या साथीमुळे परदेशांत अडकलेल्या भारतीयांना परत आणण्याची ‘वंदे भारत’ मोहीम तेव्हा चालू होती. एअर इंडिया एक्सप्रेसचे १३४४ क्रमांकाचे बोइंग ७३७ विमान दुबईहून केरळातील कोझिकोडला येत होते. विमानात कर्मचाऱ्यांसह १९० माणसे होती. मुख्य वैमानिक होते कॅप्टन दीपक साठे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव असलेले. त्यांचे आईवडील नागपूरला राहत. कोझिकोडला ते अनेकदा उतरले होते. थोडक्यात, ज्याला नवखा किंवा बेफिकीर म्हणता येईल असा हा माणूस नव्हता.

संध्याकाळी पाऊस पडत होता. पहिला उतरण्याचा प्रयत्न धावपट्टीच्या एका दिशेने झाला. मुख्य वैमानिकासमोरच्या काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. धावपट्टी दिसेना, म्हणून विमान पुन्हा वर नेण्यात आले. हा निर्णय अगदी योग्य होता. दुसरा प्रयत्न विरुद्ध दिशेने झाला. या दिशेने येताना वारा पाठीमागून होता. विमान धावपट्टीवर टेकले ते निम्मी धावपट्टी संपल्यावर. ओल्या धावपट्टीवर ते थांबू शकले नाही. कोझिकोडची धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली आहे. तिच्या टोकावरून विमान खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले.

विमान अपघात अन्वेषण विभागाने या अपघाताचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. संभाव्य कारण म्हणून त्यात जे दिले आहे त्याचा सारांश असा: विमान चालवणाऱ्या वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, उतरण्याचा मार्ग अस्थिर असूनही त्याने उतरणे चालू ठेवले, आणि सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना देऊनही तो धावपट्टीच्या निम्म्यावर उतरला. व्यवस्थेतील त्रुटींकडेही दुर्लक्ष करता येणार नाही, असे पुढे म्हटले आहे, पण त्यांना दुय्यम स्थान आहे. वृत्तपत्रांनी अर्थातच पहिले वाक्य उचलले.

पाच सेकंदांचे गणित

अहवालातील काही आकडे घेऊन दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असे गणित करू. धावपट्टीची लांबी ८,८५८ फूट, म्हणजे २,७०० मीटर. विमान टेकले ते सुरुवातीपासून ४,४३८ फुटांवर, म्हणजे साधारण १,३५३ मीटरवर. जमिनीच्या सापेक्ष वेग १६५ नॉट होता. एक नॉट म्हणजे सेकंदाला ०.५१४ मीटर. तेव्हा हा वेग झाला सेकंदाला सुमारे ८५ मीटर.

धावपट्टीचा पहिला ३,००० फुटांचा, म्हणजे सुमारे ९०० मीटरचा भाग हे टेकण्याचे क्षेत्र मानले जाते. विमान त्याच्या पुढे ४५० मीटर गेले. ४५० ला ८५ ने भागले की उत्तर येते ५.३ सेकंद. म्हणजे जिथपर्यंत टेकणे मान्य होते त्या जागेच्या पुढे विमान हवेत राहिले ते जेमतेम पाच सेकंद! धावपट्टीच्या सुरुवातीपासून मोजले तरी ढोबळमानाने सोळा सेकंद होतात. पाऊस, अंधार, अर्धवट चालणारा वायपर आणि घोंघावणारी इंजिने यांच्या सोबतीने या सोळा सेकंदांत ‘आता टेकेल’ आणि ‘आता टेकणार नाही’ यांतला फरक ओळखायचा होता.

वाऱ्याचे गणितही करून पाहा. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग १४ नॉट होता. म्हणजे हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग सुमारे १५१ नॉट होता. तेवढाच वारा समोरून असता, तर जमिनीच्या सापेक्ष वेग १३७ नॉट झाला असता. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १६५ भागिले १३७ याचा वर्ग येतो सुमारे १.४५. याचा अर्थ, केवळ दिशेच्या निवडीमुळे ब्रेकना सुमारे ४५ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागणार होती. ‘पाठीमागचा वारा’ हा शब्द ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण त्याची किंमत वर्गाच्या पटीत मोजावी लागते.

अहवालाच्या आतल्या पानांत

आता अहवालाच्या आतल्या पानांकडे वळू. तेथे घाईचा उल्लेख एका नव्हे, अनेक ठिकाणी सापडतो.

पहिली घाई दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. त्याच मुख्य वैमानिकाला दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच पुढची फेरी करायची होती. त्या रात्री विमान दुसऱ्या विमानतळावर नेले असते, तर कामाचे तास वाढले असते, त्यानंतरची सक्तीची विश्रांती लांबली असती आणि सकाळच्या फेरीचे वेळापत्रक कोलमडले असते. दुसरीकडे जाण्याइतके इंधन विमानात होते. इंधनाचा प्रश्न नव्हता, प्रश्न घड्याळाचा होता. ही फेरी दुसऱ्या कोणाला का देता आली नसती? याचेही उत्तर अहवालातच आहे. कोझिकोड या तळावर २६ सहवैमानिकांच्या मागे नेमणुकीवर मुख्य वैमानिक होता फक्त एक. कंपनीचे नेमणुकीचे धोरण सदोष असल्याचे अहवाल स्पष्टपणे म्हणतो.

दुसरी घाई नियंत्रण मनोऱ्यातली. त्याच वेळी दुसरे एक विमान उड्डाणाच्या तयारीत होते. त्याची सोय करण्यासाठी नियंत्रकाने वापरातील धावपट्टीची दिशा घाईने बदलली. ओल्या धावपट्टीवर पाठीमागच्या वाऱ्याने उतरणाऱ्या विमानावर याचा काय परिणाम होईल याचा विचार झाला नाही. त्या वाऱ्याबद्दल सावधगिरीची सूचनाही दिली गेली नाही, असे अहवालाचे म्हणणे आहे. वारा मोजणारे उपकरण नियमाप्रमाणे बसवलेले नव्हते आणि हवामान अधिकारी त्या वेळी मनोऱ्यात हजर नव्हता, हेही नोंदलेले आहे.

तिसरी अडचण सहवैमानिकाची. त्याला धोका कळला होता. त्याने तो बोलूनही दाखवला. पण ज्येष्ठाच्या हातातून सुकाणू स्वतःकडे घेण्यासाठी मनाची जी तयारी लागते ती ऐन वेळी सेकंदाच्या हिशेबात होत नाही. ती आधीच्या प्रशिक्षणातून व्हावी लागते. ते प्रशिक्षण परिणामकारक नव्हते, असाही अहवालाचा ठपका आहे.

आता माझा आक्षेप मांडतो. सकाळच्या फेरीसाठी कोझिकोडलाच उतरण्याच्या वैमानिकाच्या इच्छेला अहवाल चुकीच्या जागी लागलेली प्रेरणा ठरवतो. शब्द तसे मवाळ आहेत, पण ते दाबाचा उगम माणसाच्या मनात शोधतात. सकाळच्या फेरीची वेळ त्या वैमानिकाने ठरवली नव्हती. तळावर एकच मुख्य वैमानिक ठेवण्याचा निर्णय त्याचा नव्हता. वेळापत्रक बाहेरून आले. त्याच्या मनात उरली ती फक्त त्याची जाणीव. एखाद्या मुलाला शाळेत पोचायला एकच एसटी असेल आणि ती गाठण्यासाठी तो रस्ता न पाहता धावला, तर ‘मुलाची उतावीळ वृत्ती’ हे अपघाताचे पहिले कारण म्हणून लिहायचे का? वृत्तीचा उल्लेख करावा, पण तो एसटीच्या वेळापत्रकाच्या आधी येऊ नये.

अहवालाशी न्यायाने वागायचे तर हेही सांगायला हवे की त्यात वैमानिकाच्या औषधांचा, अतिआत्मविश्वासाच्या शक्यतेचा आणि अंधारात अंतराचा अंदाज चुकवणाऱ्या दृष्टिभ्रमाचाही विचार आहे. घाई हे एकमेव कारण होते असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की घाईचे सगळे धागे अहवालाने स्वतः गोळा केले, पण ते एकत्र बांधून वरच्या वाक्यात ठेवले नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे अपघाताच्या चौकशीचा हेतू दोष ठरवणे हा नसून पुढचे अपघात टाळणे हा असतो. पुढचा अपघात टाळायचा तर ज्याच्यात बदल करता येतो ते कारण आधी लिहायला हवे. गेलेल्या वैमानिकाची वृत्ती आता बदलता येणार नाही. नेमणुकीचे धोरण बदलता येते.

घाईत मनाचे काय होते?

घाईत हात जलद चालतात आणि म्हणून चुका होतात, अशी आपली साधी समजूत असते. प्रत्यक्षात त्याहून महत्त्वाचा बदल लक्ष देण्याच्या क्रियेत होतो. दाब वाढला की लक्षाचे क्षेत्र आक्रसते. समोरचे एक काम मोठे दिसू लागते आणि कडेच्या खुणा दिसेनाशा होतात. अरुंद तोंडाच्या नळीतून पाहिल्यासारखे होते. नळीतून जे दिसते ते स्पष्ट असते, म्हणून आपले काही निसटते आहे याची शंकाही येत नाही.

दुसरा बदल निर्णयाचा. एकदा ठरवलेला बेत बदलण्यासाठी थांबून नव्याने विचार करावा लागतो. घाईत तो वेळच नसतो, म्हणून बेत पुढे रेटला जातो. मुक्काम जसा जवळ येतो तसे हे रेटणे वाढते. ‘आता एवढे आलोच आहोत’ हे वाक्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. विमानशास्त्राचे अभ्यासक याला ठरलेली योजना चालू ठेवण्याचा कल असे म्हणतात.

घाई माणसाच्या स्वभावावर कशी मात करते याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर तो केला. विद्यार्थ्यांना जवळच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. काहींना सांगितले, भरपूर वेळ आहे. काहींना, वेळ झाली आहे. आणि काहींना, तुम्हाला उशीर झाला आहे. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना वेळ होता त्यांपैकी ६३ टक्क्यांनी त्याला काही ना काही मदत केली. ज्यांना उशीर झाला होता त्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. परोपकाराचे शिक्षण घेणारेच हे विद्यार्थी होते. स्वभाव तोच, शिक्षण तेच. फरक होता तो घड्याळाचा. वैमानिकाच्या चुकीचा विचार करताना हा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चूक जन्मते कोठे, दिसते कोठे

घाईने होणाऱ्या चुकांचा सर्वांत उपयुक्त अभ्यास १९९३ चा आहे. अमेरिकेत वैमानिकांनी आपल्या चुका स्वतःहून कळवाव्यात यासाठी नासा एक नोंदयंत्रणा चालवते. चूक कळवणाऱ्याचे नाव त्यात गुप्त राहते. मॅकेल्हाटन आणि ड्रू या अभ्यासकांनी त्यातील वेळेच्या दाबाशी संबंधित १२५ घटना तपासल्या. त्यांना असे आढळले की बहुसंख्य चुकांचे मूळ विमान जागेवरून हलण्यापूर्वीच्या तयारीत होते. कागदपत्रे घाईत पाहिली गेली, तपासणीची यादी अर्धवट राहिली, मध्येच कोणी काही विचारले. चूक उघड झाली ती मात्र पुढे, धावपट्टीकडे जाताना किंवा उड्डाणाच्या वेळी. पेरणी एकीकडे आणि उगवण दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. उगवण जिथे दिसते तिथे वैमानिक बसलेला असतो, म्हणून दोष त्याच्या नावावर पडतो.

मंगळूरचा २२ मे २०१० चा अपघात याच दृष्टीने पाहावा. तेही दुबईहून येणारे एअर इंडिया एक्सप्रेसचेच विमान होते, आणि मंगळूरची धावपट्टीही डोंगरमाथ्यावरचीच. १६६ पैकी १५८ जण दगावले. मुख्य वैमानिक उड्डाणाचा बराच काळ झोपेत होता आणि जागा झाल्यावर त्याचे मन पूर्ण सावध नव्हते, असे चौकशीत दिसले. सहवैमानिकाने वर जाण्याची सूचना तीनदा दिली, ती मानली गेली नाही. हा भाग सर्वांच्या लक्षात राहिला. पण याच चौकशीत आणखी एक नोंद आहे. त्या वेळी मंगळूरचे रडार बंद होते. त्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा विमानतळाच्या जवळ आल्यावर मिळाली. म्हणजे तीच उंची कमी अंतरात, म्हणून कमी वेळात उतरायची. बिघडलेल्या यंत्राने वैमानिकांच्या वाट्याचा वेळ आधीच कापून घेतला होता.

जगातला सर्वांत भीषण विमान अपघात २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर झाला. धुक्यात दोन जंबोजेट विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. डच विमानाच्या मुख्य वैमानिकाने परवानगी न मिळताच उड्डाण सुरू केले, हे खरे. पण ती विमाने तेथे आली होती शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्यामुळे. छोट्या विमानतळावर गर्दी झाली होती, तास निघून जात होते. डच वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम नुकतेच कडक झाले होते. मर्यादा ओलांडली असती तर सगळ्यांना तेथेच मुक्काम करावा लागला असता. थकवा टाळण्यासाठी केलेला नियमच घाईचे निमित्त झाला! याचा अर्थ नियम वाईट असा नाही. वेळेची मर्यादा घालताना तिच्या आत पुरेशी मोकळी जागा ठेवली नाही, तर मर्यादाच दाब निर्माण करते, असा आहे.

मग वैमानिक निर्दोष का?

येथे वाचक विचारतील: सगळे दोष व्यवस्थेवर टाकले तर माणसाची जबाबदारी उरते का? नक्कीच उरते. कोझिकोडच्या पहिल्या प्रयत्नात विमान वर नेले गेले, म्हणजे योग्य निर्णय शक्य होता. जबाबदारी नाकारायची नसून ती पार पाडता येईल अशी परिस्थिती मागायची आहे.

विमान वाहतुकीने यासाठी एक चांगला मार्ग शोधला आहे. ढगाळ हवेत १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमानाचा वेग, दिशा आणि उतार ठरलेल्या मर्यादेत नसतील, तर उतरायचे नाही, पुन्हा वर जायचे, असा सर्वसाधारण नियम असतो. या नियमाचे मर्म असे की कठीण निर्णय निवांत वेळी, टेबलावर बसून आधीच घेतलेला असतो. ऐन वेळी फक्त त्याची अंमलबजावणी उरते. पण हा नियम टिकतो कधी? वर गेल्याने झालेला उशीर आणि जळालेले इंधन यांचा जाब कोणी विचारणार नाही, अशी खात्री असेल तेव्हाच. आपल्याकडे कंपन्यांच्या वक्तशीरपणाची टक्केवारी दर महिन्याला जाहीर होते. ती प्रवाशांच्या सोयीची आहे. पण सुरक्षिततेसाठी मुद्दाम केलेला उशीर आणि ढिलाईने झालेला उशीर त्या टक्केवारीत सारखेच दिसतात.

विचाराला वेळ लागतो, ही गोष्ट चौकशी करणारेही विसरू शकतात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान वैमानिकाने हडसन नदीत उतरवले आणि सर्वजण वाचले. नंतर कृत्रिम उड्डाणयंत्रावर असे दिसले की पक्षी आदळताच लगेच वळले असते, तर विमान मूळ विमानतळावर पोचू शकले असते. पण परिस्थिती समजून घ्यायला माणसाला जो वेळ लागतो त्यासाठी ३५ सेकंद धरून पाहिले, तेव्हा विमान पोचू शकले नाही. आधीपासून सगळे माहीत असलेल्या परीक्षकाने त्या क्षणी प्रथमच प्रसंगाला तोंड देणाऱ्याला जोखताना हे ३५ सेकंद धरायलाच हवेत.

आपल्या रस्त्यावरची गोष्ट

हे सारे मुरगूडसारख्या गावातल्या शिक्षकाने का वाचावे? विमानाशी आपला संबंध फार तर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापुरता. पण घाईची रचना सगळीकडे सारखीच आहे. उसाच्या हंगामात बिद्री आणि हमीदवाड्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रॅक्टर आपण रोज पाहतो. जितक्या खेपा तितके पैसे, असा व्यवहार असेल तर दोन ट्रॉल्या जोडून अंधारात निघालेल्या चालकाला ‘बेफिकीर’ म्हणून प्रश्न सुटत नाही. त्याच्या घाईचा दर कोणीतरी ठरवून दिलेला असतो.

विमानांच्या बाबतीत हा प्रश्न अगदी अलीकडे सर्वांसमोर आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्रीच्या वेळी उतरण्याची संख्या सहावरून दोनवर आणली. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील अशी आखणी झालेली नव्हती. प्रवाशांचे अतोनात हाल झाले. मग कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट देण्यात आली.

या प्रसंगी गावागावांत एक वाक्य ऐकू येत होते: वैमानिकांना एवढी विश्रांती हवीच कशाला? विमान चुकलेल्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे. पण विश्रांतीचा नियम वैमानिकाच्या चैनीसाठी नसतो. नियम होणार हे जवळजवळ दोन वर्षे आधी माहीत होते. दोन वर्षांत जी तयारी झाली नाही तिची भरपाई शेवटी वैमानिकाच्या झोपेतून काढायची, असा हा हिशेब होतो. आणि उद्या त्या झोपेअभावी काही घडले, तर बातमीत शब्द येईल तो ठरलेलाच.

परीक्षेतील दहा मिनिटे

शेवटी आपल्या घरचे उदाहरण. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी सुरुवातीला दहा मिनिटे मिळत असत. २०२३ च्या परीक्षेपासून ती सोय बंद झाली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून देण्यात आली. प्रश्नपत्रिका आधी फुटू नयेत हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. घड्याळाच्या हिशेबाने काही कमी झाले नाही. पण वर पाहिलेल्या १९९३ च्या अभ्यासाच्या प्रकाशात विचार करा. चुकांचे बी सुरुवातीच्या घाईत पडते. सुरुवातीची दहा मिनिटे विचारासाठी असतात. शेवटची दहा मिनिटे लिहिण्यासाठी. ही दोन्ही दहा मिनिटे एकसारखी नाहीत. मंडळाचा नियम आपल्या हातात नसला तरी शाळेच्या चाचण्यांत पहिली पाच मिनिटे ‘पेन खाली, फक्त वाचन’ असा नियम आपण करू शकतो.

एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. जुन्या वृत्तपत्रातील साधारण दीडशे शब्दांचा एकच उतारा हाताने लिहून किंवा छापून सर्वांना द्या. त्यात कोठेतरी एक शब्द मुद्दाम लागोपाठ दोनदा लिहा, पण तसे सांगू नका. वर्गाचे दोन गट करा. दोन्ही गटांना ‘र’ हे अक्षर असलेला प्रत्येक शब्द खोडायला सांगा. एका गटाला हवा तेवढा वेळ द्या. दुसऱ्याला एक मिनिट द्या आणि दर पंधरा सेकंदांनी उरलेला वेळ मोठ्याने सांगा. नंतर तीन गोष्टी मोजा: किती शब्द सुटले, किती चुकीचे खोडले गेले, आणि दोनदा आलेला शब्द किती जणांच्या लक्षात आला. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करून नव्या उताऱ्यावर हेच करा. विद्यार्थी तेच असतील. बदलेल तो फक्त वेळ. मिळालेले आकडे फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांनाच विचारा की यातला किती भाग ‘निष्काळजीपणा’चा आणि किती घड्याळाचा.

त्यानंतर एखाद्या अपघाताची बातमी वर्गात वाचावी. बातमीत ‘चूक’ हा शब्द जेथे येईल तेथे थांबून तीन प्रश्न विचारावेत. त्या माणसाजवळ किती वेळ होता? तो वेळ कोणी ठरवला? तो थांबला असता तर त्याचे काय नुकसान झाले असते? बहुतेक बातम्यांत या प्रश्नांची उत्तरे सापडणार नाहीत. ती सापडत नाहीत हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येणे, हाच या पाठाचा उद्देश आहे.